फील्ड-भेटी आणि कामांचा पाठपुरावा: मोबाईल ॲपचे स्क्रीन आखायचे कसे

एका हातात फोन, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी, वर ऊन आणि रेंज येऊन-जाऊन. फील्डचं ॲप वापरलं जातं ते अशा अवस्थेत. आखलं मात्र जातं टेबलाशी बसून, मोठ्या मॉनिटरवर, वायफायच्या भरवशावर. नवख्यांच्या बहुतेक चुका या अंतरातूनच येतात. तपासणी असो, दुरुस्ती असो, सर्वेक्षण असो की घरोघरच्या भेटी, स्क्रीनचा सांगाडा साधारण सारखाच राहतो. पुढे उदाहरणासाठी पंपांची नियमित तपासणी धरली आहे.

पायरी १: कागदावर भेट आणि काम वेगळं करा

स्क्रीन काढायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. भेट म्हणजे ठरलेल्या वेळी एका जागी जाणं. काम म्हणजे तिथे जे करायचं आहे ते. एका भेटीत पाच कामं उरकू शकतात, आणि एकच काम तीन भेटी खाऊ शकतं. पंपाचं सील गळतंय हे पहिल्या भेटीत दिसलं, दुसऱ्या भेटीत नवं सील हाताशी नव्हतं, तिसऱ्या भेटीत ते बदललं. भेटी तीन झाल्या, काम एकच.

दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत कोंबल्या की गोंधळ ठरलेला. कोणी भेट ‘पूर्ण’ केली की कामही पूर्ण दिसू लागतं आणि गळती तशीच राहते. किंवा काम बाकी आहे म्हणून भेट उघडी ठेवावी लागते, आणि आजच्या यादीत पंधरा दिवसांपूर्वीची भेट लोंबकळत बसते. ही गाठ नंतर स्क्रीन कितीही सुंदर केला तरी सुटत नाही.

म्हणून कागदावर तीन चौकोन काढा: जागा, भेट, काम. एका जागेला अनेक भेटी आणि अनेक कामं जोडलेली. कोणत्या भेटीत कोणत्या कामावर काय झालं, याची नोंद भेट आणि काम यांच्या मधोमध. आता दोघांच्या स्थिती वेगवेगळ्या लिहा. भेटीला चार पुरतात: नियोजित, सुरू, पूर्ण, झाली नाही. कामाला पाच: बाकी, सुरू, अडलं, झालं, रद्द.

इथे दोन बारकावे आहेत. ‘उशीर झाला’ ही स्थिती म्हणून साठवू नका. ती मुदतीच्या तारखेवरून त्या त्या वेळी काढायची असते. साठवलीत तर रोज मध्यरात्री ती बदलणारं काहीतरी चालवत बसावं लागेल, आणि ज्या फोनला दोन दिवस रेंज नाही तिथे ती चुकीचीच दिसेल. दुसरं, ‘झाली नाही’ या स्थितीला मान द्या. कुलूप होतं, रस्ता बंद होता, संबंधित माणूस भेटला नाही, अशी कारणं दोन टॅपमध्ये नोंदवता आली पाहिजेत. ही वाट ठेवली नाही की लोक रिकामा फॉर्म भरून भेट ‘पूर्ण’ करतात, आणि मग पूर्ण झालेल्या भेटींच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पायरी २: पाच स्क्रीन ठरवा

पहिल्या आवृत्तीला पाच स्क्रीन पुरतात: आजची यादी, जागेचं पान, चालू भेट, नोंदीचा फॉर्म आणि सिंकची (फोनवरच्या नोंदी सर्व्हरला पोचवण्याची) स्थिती. कामांची यादी ही आजच्या यादीचीच बहीण आहे, तिचा सांगाडा तोच. तळाच्या पट्टीत तीन टॅब ठेवा: ‘आज’, ‘कामं’, ‘सिंक’. गूगलच्या मटेरियल डिझाइन या आखणीच्या नियमावलीत अशा पट्टीसाठी तीन ते पाच टॅबची शिफारस आहे. आडव्या तीन रेघांमागे लपलेला मेनू इथे नको. त्यात ठेवलेली गोष्ट फील्डवर कोणी शोधत नाही. भाषा, पासवर्ड, मदत हे सगळं वरच्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलमध्ये जाऊ द्या.

पायरी ३: मापं आधी ठरवा, रंग नंतर

अँड्रॉइडवर ३६० डीपी रुंदी धरून आखणी सुरू करा (डीपी म्हणजे स्क्रीनच्या पिक्सेल-दाटीवर न अवलंबणारं मापाचं एकक). याहून रुंद फोन भरपूर आहेत, पण जे ३६० मध्ये बसतं ते पुढे सगळीकडे बसतं. दोन्ही कडांना १६ डीपी मोकळे सोडा आणि बाकी सगळी अंतरं ८ च्या पटीत ठेवा.

बोटाने दाबायच्या प्रत्येक गोष्टीला मटेरियल डिझाइन किमान ४८ बाय ४८ डीपी सांगतं, ॲपलची मार्गदर्शक तत्त्वं ४४ बाय ४४ पॉइंट. सगळ्यांना वापरता यावं म्हणून वेबसाठी केलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत एए या मधल्या पातळीला २४ पिक्सेलचं किमान माप आहे, पण फील्डच्या कामात त्याच्या आधारावर बटणं लहान करू नका. घामेजलेलं बोट किंवा हातमोजा धरला तर मुख्य बटण ५६ डीपी उंच हवं, ६४ असेल तर उत्तम. चिन्ह २४ डीपीचं दिसलं तरी चालतं, त्याभोवतीची दाबायची जागा ४८ ची असली म्हणजे झालं. दोन बटणांमध्ये किमान ८ डीपी अंतर सोडा.

फोन लोक धरतात कसा, हेही बघा. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,३३३ निरीक्षणांत, स्क्रीन किंवा बटणं दाबत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एका हाताने फोन वापरत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने दाबत होते. तेव्हापासून फोन आणखी उंच झाले, अंगठा तेवढाच राहिला. त्यामुळे प्रत्येक स्क्रीनवरचं एक मुख्य बटण तळाशी, पूर्ण रुंदीचं असू द्या. परत जाणं, शोध, प्रोफाइल अशा क्वचित लागणाऱ्या गोष्टी वर गेल्या तरी हरकत नाही.

तळाच्या बटणाशी हमखास होणारी चूक अशी: अँड्रॉइड १५ ला लक्ष्य केलेल्या ॲपचा मजकूर आपोआप स्क्रीनच्या कडेपर्यंत पसरतो, आणि सिस्टिमच्या पट्टीसाठी जागा सोडली नसेल तर बटण तिच्याखाली सरकतं. वापरणारा ‘भेट पूर्ण करा’ दाबायला जातो आणि ॲपच्या बाहेर पडतो. सिस्टिमने दिलेलं खालचं अंतर मोजून घ्या आणि त्यावर १६ डीपी सोडून बटण बसवा.

आणखी एक: परस्परविरोधी बटणं शेजारी ठेवू नका. ‘भेट पूर्ण करा’ आणि ‘भेट झाली नाही’ ही एकाच ओळीत, सारख्याच मापाची असतील तर चुकीचं बटण दाबलं जाणारच. पहिलं तळाशी भरीव रंगात, दुसरं वरच्या मेनूत साध्या अक्षरांत.

पायरी ४: आजची यादी

दिवसभरात सर्वाधिक वेळा उघडला जाणारा हा स्क्रीन. त्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: आता कुठे जायचं? यादीतलं एक कार्ड, म्हणजे एका भेटीचा चौकोन, जवळून बघू (एसपी म्हणजे फोनच्या फॉन्टच्या मापानुसार बदलणारं अक्षरांचं एकक).

पहिली ओळ, १८ एसपी, ठळक: ‘पंपघर ३, उत्तर बाजू’
दुसरी ओळ, १६ एसपी: ‘मासिक तपासणी · २ कामं बाकी’
तिसरी ओळ, १४ एसपी: ‘१०:३० · सरळ रेषेत १.२ किमी’
उजवीकडे: स्थितीचं चिन्ह आणि त्याखाली शब्दात स्थिती.

याहून जास्त काही नको. पत्ता, फोन नंबर, मागच्या नोंदी हे सगळं जागेच्या पानावर. कार्ड ९६ डीपी उंच आणि दोन कार्डांत ८ डीपी धरले, तर ६४० डीपी उंचीच्या लहान फोनवर वरच्या पट्ट्या आणि तळाचे टॅब वजा जाता साडेचार कार्डं मावतात. ते अर्धं कार्ड मुद्दाम राहू द्या. खाली अजून काही आहे हे त्याच्यामुळेच कळतं. नेमकी चारच कार्डं बसवलीत तर यादी संपली असं वाटून पाचवी भेट राहून जाते.

क्रम वेळेनुसार लावा. सुरू असलेली भेट सगळ्यांत वर चिकटवा, झालेल्या भेटी तळाशी ‘झालेल्या ६’ अशा एका ओळीत मिटवून ठेवा. यादी अंतरानुसार आपोआप लावायचा मोह होतो, तो टाळा. माणूस चालत असताना यादी खालीवर होते, आणि अंगठा टेकेपर्यंत त्याखाली दुसरंच कार्ड आलेलं असतं. ‘जवळच्या आधी’ हा पर्याय द्यायचाच असेल तर बटण दाबल्यावर एकदाच क्रम लावा आणि पुन्हा दाबेपर्यंत तो हलवू नका.

अंतर सरळ रेषेतलं असेल तर तसं लिहा. मध्ये नदी असली की १.२ किमीचे प्रत्यक्षात नऊ होतात, आणि एकदा फसलेला माणूस त्या आकड्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. रस्ता दाखवायचं काम फोनमधल्या नकाशाच्या ॲपवर सोपवा. आपल्या ॲपमध्ये नकाशा बांधण्यात महिने जातात आणि तो त्याच्याइतका चांगला होत नाही.

स्थिती फक्त रंगाने सांगू नका. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष साधारण बारात एक असतात, आणि उन्हात तर सगळ्यांनाच रंग फिके दिसतात. चिन्ह, शब्द आणि रंग तिन्ही हवेत.

पायरी ५: भेट सुरू करणं, आणि जीपीएसवर किती विसंबायचं

‘भेट सुरू करा’ दाबल्यावर वेळ आणि जागा नोंदली जाते. लोकेशनची परवानगी इथेच मागा, ॲप पहिल्यांदा उघडताना नको. मागण्याआधी एका वाक्यात कारण सांगा: ‘भेट सुरू करताना आणि संपवताना फक्त त्या क्षणाची जागा नोंदली जाते.’ हे वाक्य खरंही असू द्या. दिवसभर माणसाच्या मागावर राहण्याची गरज नसेल तर पार्श्वभूमीतल्या लोकेशनची परवानगी मागूच नका. अँड्रॉइड ११ पासून ती देण्यासाठी वापरणाऱ्याला सेटिंग्जमध्ये जावं लागतं, बॅटरी उतरते ती वेगळी, आणि आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की लोक ॲपशी प्रामाणिक राहत नाहीत.

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. इमारतींच्या दाटीत, पत्र्याखाली, तळघरात ते कितीतरी मीटर भरकटतं. अँड्रॉइड जो अचूकतेचा आकडा देतो त्याचा अर्थ नीट समजून घ्या: ‘१२ मीटर’ म्हणजे खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे जवळपास तीनात एकदा ती वर्तुळाबाहेर असू शकते. शिवाय अँड्रॉइड १२ पासून वापरणारा ‘अंदाजे’ लोकेशन निवडू शकतो, तेव्हा मिळणारी जागा सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या आत कुठेही असते.

त्यामुळे ‘५० मीटरच्या आत असाल तरच भेट सुरू होईल’ असं कुलूप घालू नका. दारात उभा असलेला माणूस अडकतो, वैतागतो आणि नोंद कागदावर करतो. त्याऐवजी असं करा: अचूक जागेसाठी १० ते १५ सेकंद थांबा, तेवढ्यात जे मिळेल ते अचूकतेच्या आकड्यासह साठवा आणि भेट सुरू होऊ द्या. मोजलेल्या अंतरातून अचूकतेचा आकडा वजा करूनही ते १५० मीटरच्या वर जात असेल, तर एका ओळीत कारण विचारा आणि नोंदीवर खूण ठेवा. ती खूण नंतर कार्यालयात कोणीतरी बघेल. स्क्रीनवर ‘जागा मिळाली, १२ मीटरपर्यंत अचूक’ एवढं दिसलं तरी माणसाला धीर येतो.

चालू भेटीच्या स्क्रीनवर वर जागेचं नाव आणि गेलेला वेळ, मध्ये कामांची यादी, तळाशी ‘भेट पूर्ण करा’. गेलेला वेळ मोजताना मेमरीत घड्याळ चालवू नका. सुरुवातीची वेळ साठवा आणि प्रत्येक वेळी तिच्यातून फरक काढा. ॲप मागे गेलं आणि सिस्टिमने बंद केलं तर चालतं घड्याळ मरतं, साठवलेली वेळ मरत नाही. फोनचं घड्याळ कोणीही पुढेमागे करू शकतं, म्हणून फोनची वेळ, तिचा यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक आणि सर्व्हरला नोंद पोचल्याची वेळ, तिन्ही ठेवा.

पायरी ६: फॉर्म

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. ॲप टिकतं की टाकून दिलं जातं ते फॉर्मवर ठरतं.

प्रश्नांचा क्रम माणूस जागेवर फिरतो त्या क्रमाने लावा. आधी बाहेरून पंप दिसतो, मग दाबमापक, मग सीलजवळची गळती, मग आवाज आणि कंप, शेवटी पॅनेलवरचं रीडिंग. जुन्या कागदी फॉर्मचा क्रम किंवा डेटाबेसमधल्या रकान्यांचा क्रम जसाच्या तसा उचललात तर माणूस पंपाभोवती तीन फेऱ्या मारेल, किंवा एका जागी उभं राहून अंदाजाने भरेल. एका स्क्रीनवर पाच ते सात प्रश्न पुरे.

हो-नाही प्रश्नासाठी दोन मोठी बटणं द्या आणि सुरुवातीला कोणतंच निवडलेलं ठेवू नका. ‘गळती आहे का?’ याला आधीच ‘नाही’ निवडलेलं असेल, तर ते ‘नाही’ बघून दिलं की न बघता राहिलं हे कधीच कळणार नाही. गरज असेल तिथे ‘बघता आलं नाही’ हा तिसरा पर्याय द्या. पाचपर्यंत पर्याय असतील तर सगळे समोर मांडा. खाली उघडणाऱ्या यादीत लपवलेत तर प्रत्येक उत्तराला एक टॅप वाढतो. दहाच्या वर असतील तर शोधता येणारी यादी करा.

आकड्यांच्या रकान्याला आकड्यांचाच कीबोर्ड उघडा. एकक उजवीकडे कायमचं लिहिलेलं असू द्या आणि खाली मागचं रीडिंग: ‘मागील: ३.२ बार, १४ दिवसांपूर्वी’. या एका ओळीने दशांशाच्या कितीतरी चुका जागच्या जागी पकडल्या जातात. कोणी ३२ टाकलं तर ‘मागच्या वेळी ३.२ होतं. ३२ बरोबर आहे का?’ असं विचारा, पण पुढे जाऊ द्या. पूर्ण अडवणूक फक्त अशक्य मूल्यांना. मराठी कीबोर्डवरून ‘३.२’ असे देवनागरी अंकही येऊ शकतात. ते साठवण्याआधी बदलून घेतले नाहीत तर ॲप ‘अवैध आकडा’ म्हणत राहतं आणि समोरच्याला आपलं काय चुकलं ते कळत नाही.

‘पुढे’ किंवा ‘पूर्ण करा’ हे बटण राखाडी करून बंद ठेवू नका. दाबू द्या, आणि राहिलेल्या रकान्याकडे स्क्रीन सरकवून त्याच्याखालीच लिहा: ‘दाबाचं रीडिंग राहिलं’. सक्तीचे रकाने जितके कमी तितकी माहिती खरी. सक्तीच्या पण न कळणाऱ्या रकान्यात लोक टिंब टाकून मोकळे होतात.

‘गळती: आहे’ निवडलं की त्याखाली दोन गोष्टी उघडाव्यात: गळती किती, हा प्रश्न, आणि ‘यावर काम तयार करा’ हे बटण. ते दाबलं की जागा, पंपाचा क्रमांक, फोटो, तारीख नव्या कामात आपोआप भरलेले असावेत. माणसाने फक्त मुदत आणि जबाबदार व्यक्ती निवडायची. भेट आणि काम वेगळं करण्याची सगळी मेहनत या बटणात फळाला येते.

आता फोटो. कॅमेरा उघडतो तेव्हा आपलं ॲप मागे जातं. कमी मेमरीच्या फोनवर सिस्टिम ते तेव्हाच बंद करते, आणि फोटो काढून माणूस परत येतो तेव्हा पुढ्यात कोरा फॉर्म. वीस उत्तरं गेली. असं दोनदा झालं की तो सगळं संध्याकाळी घरी बसून भरू लागतो. उपाय एकच: प्रत्येक उत्तर दिल्याक्षणी फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहा. ‘जतन करा’ या बटणाची वाट बघू नका. तपासायला अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा आणि प्रत्येक फोटोनंतर फॉर्म जागेवर आहे का बघा. पण या पर्यायाने फक्त स्क्रीन नष्ट होतो. पूर्ण ॲप मारून परत आणण्याची चाचणी वेगळी घ्या.

फोटो पाठवण्याआधी लहान करा. लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपेगची गुणवत्ता ७५ च्या आसपास ठेवली की काही एमबींचा फोटो काहीशे केबींवर येतो आणि गळती तरीही स्पष्ट दिसते. यंत्रावरच्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो असेल तर थोडा मोठा ठेवा. लहान करताना फोटोसोबतची दिशेची माहिती गळून पडते आणि कार्यालयात फोटो आडवे दिसतात. म्हणून आधी फोटो सरळ करा, मग आकार कमी करा.

पायरी ७: रेंज नसताना

नियम साधा आहे: आधी फोनवर लिहायचं, मग पाठवायचं. कोणत्याही बटणाने सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत माणसाला थांबवू नये. प्रत्येक नोंदीवर तीनपैकी एक स्थिती दिसू द्या: ‘फोनवर आहे’, ‘पाठवतोय’, ‘पोचली’. नुसतं ‘जतन झालं’ लिहिलंत तर लोक समजतात कार्यालयात पोचलं.

नोंदीचा ओळख-क्रमांक फोनवरच तयार करा, यूयूआयडी (दुसरीकडे सहसा पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) वापरून. यामागचं कारण असं की कधी नोंद सर्व्हरला पोचते, पण ‘पोचली’ हे उत्तर परत येताना रेंज जाते. फोन ती पुन्हा पाठवतो. ओळख-क्रमांक फोनने दिलेला असेल तर सर्व्हर म्हणतो, ही आहे माझ्याकडे. नसेल तर एकाच भेटीच्या दोन नोंदी होतात.

आधी मजकूर पाठवा, फोटो नंतर. सिंकच्या स्क्रीनवर न पोचलेल्या नोंदींची संख्या, फोटोंचा एकूण आकार, अडचण साध्या शब्दांत, आणि ‘आता पाठवा’ हे बटण. हे बटण लागतंच, कारण पार्श्वभूमीतली कामं चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरमध्ये ठरावीक अंतराने चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही, आणि फोन निपचित पडलेला असताना बॅटरी वाचवणारा डोझ मोड तेही पुढे ढकलतो. न पाठवलेल्या नोंदी असताना कोणी लॉगआउट करू लागलं तर संख्या सांगून थांबवा: ‘७ नोंदी अजून फोनवरच आहेत.’

फोन रेंजबाहेर असताना कार्यालयाने भेटीची तारीख बदलली, आणि इकडे माणसाने भेट पूर्णही केली, असं होतं. यासाठी एकच वाटणी ठेवा: तारीख, नेमणूक, प्राधान्य यांवर कार्यालयाचा शब्द शेवटचा. जागेवर बघितलेल्या आणि मोजलेल्या गोष्टी दुसरं कोणीही पुसू शकत नाही, फार तर शेजारी दुरुस्तीची नवी नोंद जोडू शकतं.

पायरी ८: कामांची यादी

मुदतीनुसार गट पाडा: उशीर झालेली, आजची, या आठवड्यातली, नंतरची. प्रत्येक कामाला एकच जबाबदार व्यक्ती. दोन नावं असली की दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर राहतात. कामाच्या पानावर सगळ्यांत वर चार गोष्टी: काय, कुठे, कधीपर्यंत, सध्या कोणाकडे. त्याखाली इतिहास, नवीन नोंद वर.

‘अडलं’ निवडताना दोन गोष्टी सक्तीच्या करा: कारण आणि पुन्हा बघण्याची तारीख. सुटा भाग नाही, परवानगी बाकी, जागा बंद, इतर, एवढी कारणं सुरुवातीला पुरतात. तारीख नसलेलं अडलेलं काम यादीच्या तळाशी जातं आणि विसरलं जातं. बोट सरकवून काम ‘झालं’ करण्याची सोय देऊ नका. चालता चालता यादी सरकवताना नको ते काम बंद होतं. द्यायचीच असेल तर ‘परत घ्या’ निदान आठ-दहा सेकंद दिसू द्या.

पायरी ९: अक्षरं

वाचायचा मजकूर १६ एसपी, त्याहून लहान फक्त दुय्यम माहिती, तीही १४ च्या खाली नाही. डब्ल्यूसीएजीमध्ये साध्या मजकुराला ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) किमान धरला आहे. उन्हात वापरायच्या ॲपला ७ ला १ धरा. पांढऱ्यावर काळं हेच उन्हात सर्वांत चांगलं वाचता येतं, गडद थीम रात्रपाळीसाठी पर्याय म्हणून ठेवा.

देवनागरीची वेगळी काळजी घ्यावी लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या ठरावीक उंचीच्या चौकोनात वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा आणि चौकोनाची उंची मजकुरानुसार वाढू द्या. अक्षरांमधलं जादा अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. लहान मापात फार ठळक वजन वापरलं की जोडाक्षरांतल्या फटी बुजतात. फोनचा फॉन्ट मोठा करूनही स्क्रीन बघा. अँड्रॉइड १४ मध्ये तो २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो.

नावं कापतानाही भान ठेवा. ‘उत्तर विभाग पाणीपुरवठा पंपघर ३’ आणि ‘…पंपघर ४’ शेवटून कापले की दोन्ही कार्डं हुबेहूब सारखी दिसतात आणि माणूस चुकीच्या पंपाची नोंद करतो. वेगळेपण सांगणारा भाग आधी आणा, किंवा नावाला दोन ओळी द्या.

बटणावर क्रियापद लिहा: ‘भेट सुरू करा’, ‘फोटो काढा’, ‘काम तयार करा’. नुसतं ‘सबमिट’ किंवा ‘ओके’ वाचून दाबल्यावर काय होईल हे कळत नाही.

पायरी १०: बाहेर नेऊन तपासा

फोनची कड कागदावर आखून त्या आकारात पेन्सिलीने पाचही स्क्रीन काढा आणि ज्याला ॲप वापरायचं आहे त्याच्या हातात द्या. ‘गळती दिसली, आता काय दाबाल?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. त्याचं बोट जिथे घुटमळतं तिथे आखणी चुकली आहे.

ॲप तयार झाल्यावर दुपारच्या उन्हात उभं राहून, एका हाताने, एअरप्लेन मोडमध्ये एक पूर्ण भेट करा. मधे एकदा ॲप बंद करा, एकदा फोनच बंद करून चालू करा, बॅटरी सेव्हर लावा. मग रेंज सुरू करा आणि सर्व्हरवर नेमकी एकच नोंद, सगळ्या फोटोंसह, सरळ दिशेत पोचली का ते बघा. काहीही वावगं न सापडलेली भेट दोन-तीन मिनिटांत नोंदवून होत नसेल तर फॉर्ममधले प्रश्न कमी करा.

शेवटी फॉर्म बदलण्याची वेळ येतेच, आणि तेव्हा काही फोन जुन्या फॉर्मवर अर्धवट भरलेल्या नोंदी घेऊन रेंजबाहेर असतात. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत फॉर्मचा आवृत्ती-क्रमांक पहिल्या दिवसापासून साठवा. सुरू झालेली भेट ज्या आवृत्तीवर उघडली त्याच आवृत्तीवर पूर्ण होऊ द्या, नवे प्रश्न पुढच्या भेटीपासून दाखवा, आणि सर्व्हरने दोन्ही आवृत्त्या स्वीकारल्या पाहिजेत.